आधी कर्ज, मग ठेव

मार्च २०१४मध्ये बँक ऑफ इंग्लंडने आपल्या त्रैमासिकात एक लेख छापला. विषय साधाच होता: आधुनिक अर्थव्यवस्थेत पैसा तयार कसा होतो. लोक ठेवी ठेवतात आणि बँका त्याच ठेवी पुढे कर्जाऊ देतात, ही समजूत चुकीची आहे असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. बँक कर्ज देते त्याच क्षणी कर्जदाराच्या खात्यात नवी ठेव उभी राहते. मध्यवर्ती बँक राखीव निधी (बँकांचा तिच्याकडे असलेला पैसा) ठरवते आणि मग ठरावीक पटीत पैसा वाढत जातो, हे पाठ्यपुस्तकातलं चित्रही लेखकांनी निकालात काढलं.

उत्तर-केन्सवादी, म्हणजे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्सचा विचार पुढे नेणाऱ्या आणि मुख्य प्रवाहाबाहेर राहिलेल्या अर्थशास्त्रज्ञांना यात नवं काहीच नव्हतं. निकोलस काल्डोर हेच १९७०मध्ये सांगत होता. बेसिल मूरने १९८८मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. मुख्य प्रवाहाने दोघांनाही फारसं मनावर घेतलं नाही. आता तीच गोष्ट जगातल्या सर्वांत जुन्या मध्यवर्ती बँकांपैकी एकीने आपल्या शिक्क्यानिशी सांगितली, आणि तरीही विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकांत ठेवी आधी आणि कर्ज नंतर हाच क्रम बराच काळ चालू राहिला.

माझं म्हणणं असं आहे. उत्तर-केन्सवादी परंपरेत अनेक सिद्धांत, अनेक गट आणि भांडणं तर त्याहून जास्त. पण तिचा खरा ठेवा एकच, तो म्हणजे कार्यकारणाची दिशा उलटी करणं. खर्च आधी, उत्पन्न नंतर. गुंतवणूक आधी, बचत नंतर. कर्ज आधी, ठेव नंतर. हा ठेवा पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात पोचला नाही, त्याला मुख्य प्रवाहाचा आडमुठेपणा कारण आहेच. पण या परंपरेने स्वतःच मधली वीस वर्षं भलत्याच आघाडीवर घालवली, हेही तितकंच खरं.

मुळापासून पाहू. केन्सच्या आधीचा सिद्धांत थोडक्यात असा: लोक उपभोग टाळून बचत करतात, ती बचत उद्योजकांना मिळते आणि दोन्हींचा मेळ व्याजदर घालतो. बचत वाढली की व्याजदर उतरतो आणि गुंतवणूक वाढते. त्यामुळे एकूण मागणी दीर्घकाळ कमी पडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. १९३६च्या ‘जनरल थिअरी’त केन्सने ही साखळी उलटी फिरवली. उद्योजक गुंतवणूक करतो, तिच्यातून कुणाचं तरी उत्पन्न तयार होतं, त्यातला जो भाग खर्च होत नाही ती बचत. दोन्ही बाजू जुळतात त्या उत्पन्न वाढल्या-घटल्यामुळे, व्याजदरामुळे नव्हे. सगळ्यांनी एकदम काटकसर केली तर बचत वाढत नाही, उत्पन्न घटतं. रिचर्ड कानने १९३१मध्ये गुणकाचा, म्हणजे एका खर्चातून एकूण उत्पन्न किती पटीने वाढतं याचा, हिशेब मांडून याची पायाभरणी केलेली होती. केन्सच्या १९३०च्या पैशावरच्या ग्रंथाचा कीस काढायला केंब्रिजमधली जी तरुण मंडळी जमायची त्यांत कान होता, जोन आणि ऑस्टिन रॉबिन्सन होते, पिएरो स्राफा आणि जेम्स मीड होते. पुढच्या परंपरेची अर्धीअधिक नावं या एका कोंडाळ्यातली आहेत.

दुसरा धागा अनिश्चिततेचा. केन्सने १९२१मध्ये संभाव्यतेवर ग्रंथ लिहिला होता, आणि १९३७च्या एका लेखात त्याने तोच विचार अर्थव्यवस्थेला लावला. फाशाचं दान किंवा आयुर्विम्याचा हप्ता यांत अनिश्चितता नाही, कारण तिथे शक्यता मोजता येतात. पण वीस वर्षांनी तांब्याचा भाव काय असेल, युरोपात युद्ध होईल का, एखादा शोध केव्हा कालबाह्य होईल, यांची संभाव्यता काढायला शास्त्रीय आधारच नसतो. आपल्याला ते ठाऊक नसतं, बस्स. आणि कारखाना तर वीस वर्षांसाठीच उभारायचा असतो. मग माणसं काय करतात? शेजारचा काय करतोय ते पाहतात, कालचं आज चालेल असं धरून चालतात, आणि फारच धास्ती वाटली तर पैसा हातात धरून बसतात. पैसा धरून बसल्याने कुणालाच रोजगार मिळत नाही. बेकारीचं मूळ केन्सला इथे दिसलं. मजुरी खाली उतरत नाही म्हणून बेकारी, हा त्याचा मुद्दा नव्हता.

केन्सच्याही आधी हा शोध एका पोलिश माणसाने लावला होता. मिखाल कालेत्स्की शिकला अभियांत्रिकी, तीही पदवीपर्यंत नाही. अर्थशास्त्रात तो मार्क्सच्या वाटेने शिरला. १९३३मध्ये त्याने तेजी-मंदीच्या चक्रावर पोलिश भाषेत एक छोटी पुस्तिका काढली. पोलिशमध्ये लिहिल्याने ती पश्चिमेत कुणी वाचली नाही. त्याची मांडणी इतकी आटोपशीर आहे की इथेच करून दाखवता येते. बाहेरचा व्यापार नाही, सरकार नाही आणि कामगार मिळालेली सगळी मजुरी खर्च करतात असं धरा. राष्ट्रीय उत्पन्न म्हणजे मजुरी अधिक नफा. राष्ट्रीय खर्च म्हणजे कामगारांचा उपभोग, भांडवलदारांचा उपभोग आणि गुंतवणूक. दोन्ही सारखेच. मजुरी आणि कामगारांचा उपभोग एकमेकांना कापतात. उरलं काय? नफा बरोबर भांडवलदारांचा उपभोग अधिक त्यांची गुंतवणूक.

आता विचारा, यातली कुठली बाजू कुठलीला ठरवते? यंदा किती खर्च करायचा हे भांडवलदार ठरवू शकतो, किती कमवायचं हे ठरवू शकत नाही. म्हणून खर्चच नफा ठरवतो. वर्ग म्हणून भांडवलदार जेवढं खर्च करतात तेवढंच कमावतात. केन्सला यासाठी शेकडो पानं लागली, आणि कालेत्स्कीकडे वर वर्गविभागणी, मक्तेदारी आणि किंमत ठरवण्याची रीतही होती. त्याच्या जगात कारखानदार खर्चावर टक्के चढवून भाव लावतो. पूर्ण स्पर्धा हे पुस्तकातलं प्रकरण. जोन रॉबिन्सनबाईंनी आयुष्यभर सांगितलं की अग्रक्रमाचा मान कालेत्स्कीचा. स्वतः कालेत्स्कीने त्याचा फारसा गाजावाजा केला नाही.

मग हे सगळं पाठ्यपुस्तकात का आलं नाही? एक कारण ‘जनरल थिअरी’तच दडलेलं आहे. १९३०च्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच केन्सने बँका ठेवी कशा निर्माण करतात ते लिहिलं होतं. १९३६मध्ये मात्र त्याने पैशाचा साठा ‘दिलेला’, म्हणजे बाहेरून आधीच ठरलेला, धरला. त्याचा रोख मागणीवर होता, पैशाचा प्रश्न सोपा करून घेतला तर लढाई सोपी होईल असा हिशेब असावा. त्याची किंमत लगेच मोजावी लागली. १९३७मध्ये जॉन हिक्सने दोन रेषांच्या एका आकृतीत केन्स आणि जुने अर्थशास्त्रज्ञ दोघांनाही बसवलं. अनिश्चितता गळाली, काळ गळाला, आणि पैशाचा ठरावीक साठा असलेलं एक नेटकं संतुलन उरलं. त्याच वर्षी केन्स गुंतवणुकीला आगाऊ लागणाऱ्या बँकपैशाबद्दल लिहीत होता, पण तोवर आकृतीने मैदान मारलं होतं. १९४८च्या पॉल सॅम्युअल्सनच्या पाठ्यपुस्तकातून आणि पुढच्या अमेरिकी लिखाणातून मजुरी ताठर असल्यामुळे बेकारी येते एवढाच केन्स घडत गेला. या वाणाला रॉबिन्सनबाई ‘अनौरस केन्सवाद’ म्हणत. गंमत पाहा, खुद्द हिक्सने १९८०-८१मध्ये आपल्या आकृतीच्या मर्यादा कबूल करणारा लेख लिहिला, तो उत्तर-केन्सवाद्यांच्याच नियतकालिकात. आकृती वर्गात शिकवली जात राहिली ती राहिलीच.

अमेरिकेत ही आकृती रुजत होती तेव्हा इंग्लंडमधले केंब्रिजवाले कशात गुंतले होते? भांडवल मोजण्यात. १९५३-५४मध्ये रॉबिन्सनबाईंनी एक बोचरा प्रश्न विचारला: उत्पादनफलनात, म्हणजे किती श्रम आणि भांडवलातून किती उत्पादन निघतं हे सांगणाऱ्या सूत्रात, तुम्ही भांडवल म्हणून जो आकडा घालता तो कुठल्या एककात? यंत्रं, इमारती, अर्धवट तयार माल यांची बेरीज रुपयांत, डॉलरांत करायची तर किंमती लागतात. किंमतींना नफ्याचा दर लागतो. आणि नफ्याचा दर तर तुम्ही भांडवलाच्या मात्रेवरूनच काढणार होतात. १९६०मध्ये स्राफाचं शंभरेक पानांचं पुस्तक आलं आणि या शंकेला तर्काची पक्की चौकट मिळाली. त्या अवघड पुस्तकाचं मोल लवकर ओळखणाऱ्या परीक्षणांपैकी एक कृष्णा भारद्वाज यांचं होतं, १९६३मध्ये मुंबईच्या ‘इकॉनॉमिक वीकली’त आलेलं.

वादाचा निकाल १९६६मध्ये लागला, तोही सॅम्युअल्सनच्याच लेखणीने. त्याचं उदाहरण कागदावर करून पाहण्यासारखं आहे. एकच वस्तू दोन पद्धतींनी बनते. पहिलीत दोन काळ आधी ७ एकक श्रम लावायचे. दुसरीत तीन काळ आधी २ आणि एक काळ आधी ६. व्याज शून्य असेल तर पहिली स्वस्त: ७ विरुद्ध ८. व्याज ५० टक्के केलं की दोन्हींचा खर्च १५.७५, बरोबरीत. ७५ टक्क्यांना दुसरी किंचित स्वस्त. १०० टक्क्यांना पुन्हा बरोबरी, दोन्ही २८. त्यापुढे पहिली परत स्वस्त! म्हणजे व्याज अगदी कमी असतानाही तीच पद्धत आणि फार चढल्यावरही तीच. मग ‘व्याज उतरलं की जास्त भांडवल लागणारी पद्धत निवडली जाते’ हा नियम कुठे गेला? सॅम्युअल्सनने प्रांजळपणे हार मानली.

आणि पुढे काय झालं? काहीही नाही. एकूण भांडवलाचं उत्पादनफलन वापरात राहिलं. उत्तर-केन्सवादी गोटात ही कथा अन्यायाची म्हणून सांगितली जाते, पण मला ती तशी पटत नाही. प्रतिपक्षाच्या तर्कात भोक दाखवणं वेगळं आणि जग कसं चालतं ते सांगणं वेगळं. पद्धती अशा उलटसुलट निवडल्या जाताना प्रत्यक्ष कारखान्यांत फारशा कुणाला दिसल्या नव्हत्या, त्यामुळे व्यवहारात काम करणाऱ्याला हा वाद अपवादाचा वाटला आणि तो पुढे गेला. शिवाय स्राफाची रीत दीर्घकालीन किंमतींची. तिच्यात अनिश्चितता नाही, पैसा जवळपास नाही. केन्स तर अनिश्चितता आणि पैसा यांवरच उभा. हे लग्न जुळवायचे प्रयत्न झाले, १९८०च्या दशकात इटलीत त्रिएस्तेला दर उन्हाळ्यात दोन्हीकडची मंडळी मुद्दाम एकत्र बसत, पण सूर जमला नाही. बेकारी आणि बँका यांबद्दल सांगण्यासारखं जे होतं ते या काळात दुय्यम राहिलं. अगदी वाया गेला तो काळ असं म्हणवत नाही: १९५६चा काल्डोरचा मजुरी-नफ्यातल्या विभागणीचा सिद्धांत आणि १९६२ची लुइजी पासिनेत्तीची त्यातली दुरुस्ती याच वातावरणातल्या, आणि गुंतवणूक नफ्याचा वाटा ठरवते हा कालेत्स्कीचाच सूर त्यांत आहे.

नाव आणि संघटना त्यानंतरची. डिसेंबर १९७१मध्ये न्यू ऑर्लीन्सला अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात रॉबिन्सनबाईंचं ‘अर्थशास्त्राच्या दुसऱ्या संकटा’वरचं भाषण झालं आणि तिथेच असंतुष्टांची जुळवाजुळव सुरू झाली. १९७५मध्ये आल्फ्रेड आयक्नर आणि जान क्रेगेल यांनी एका लेखात ही नवी विचारप्रणाली म्हणून मांडली. १९७७ला केंब्रिजचं आणि १९७८ला पॉल डेव्हिडसन व सिडनी वाइनट्रॉब यांचं नियतकालिक निघालं. मला या सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो डेव्हिडसनने १९७२च्या पुस्तकात पैसा आणि अनिश्चितता यांना पुन्हा मध्यभागी आणलं हा भाग. आणि त्याच सुमारास काल्डोरने मिल्टन फ्रीडमनला अंगावर घेतलं.

फ्रीडमनचं म्हणणं, पैशाचा साठा बदलला की मागून उत्पन्न आणि भाव बदलतात. आकडेवारीत पैसा आधी हलतो. काल्डोरने १९७०मध्ये विचारलं: दर डिसेंबरला चलनातल्या नोटा वाढतात आणि पाठोपाठ नाताळची खरेदी उसळते. नोटा छापायचं थांबवलं तर नाताळ रद्द होईल का?

बँकेच्या खातेवहीत जवळून पाहिलं तर वादच उरत नाही. एका कारखान्याला बँकेने १० लाखांचं कर्ज दिलं. एकाच वेळी दोन नोंदी होतात. येण्याच्या बाजूला ‘कारखान्याला दिलेलं कर्ज, १० लाख’. देण्याच्या बाजूला ‘कारखान्याच्या खात्यातली ठेव, १० लाख’. दुसऱ्या कुणाच्याही खात्यातून एक पैसा कमी झालेला नाही. कारखान्याने त्यातून मजुरी दिली की ठेव कामगारांच्या खात्यात जाते, कदाचित दुसऱ्या बँकेत. तिथे दोन बँकांमधला हिशेब चुकता करायला राखीव निधी लागतो आणि तो ठरलेल्या व्याजाला मध्यवर्ती बँकेला पुरवावाच लागतो, कारण न पुरवणं म्हणजे देण्याघेण्याची सगळी यंत्रणा अडवणं. तिच्या हातात असतो तो दर; मात्रा बाजार ठरवतो. बँकेवर बंधन नाही असा याचा अर्थ नव्हे. पत असलेला कर्जदार हवा, स्वतःचं भांडवल हवं, कर्ज बुडायला नको. पण बचतीच्या हौदात पाणी किती, हे ते बंधन नाही. म्हणूनच ‘सरकारने कर्ज काढलं की तेवढा बचतीचा पैसा खासगी उद्योगाच्या तोंडचा जातो’ हा दरवर्षी अर्थसंकल्पाच्या वेळी ऐकू येणारा युक्तिवाद या रूपात तरी टिकत नाही. कामगार, कच्चा माल किंवा परकीय चलन अपुरं असेल तर सरकारी खर्च जरूर खासगी खर्चाला रेटू शकतो. तो वेगळा आणि खरा वाद आहे.

ऑक्टोबर १९७९मध्ये पॉल व्होल्करच्या फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, पैशाची मात्रा आवळायचं धोरण जाहीर केलं. व्याजदर २० टक्क्यांपर्यंत गेले, १९८२अखेर अमेरिकेतली बेकारी १०.८ टक्क्यांवर पोचली, आणि मात्रेचं लक्ष्य मात्र तीन वर्षांतच बासनात गेलं. महागाई उतरली, हे कबूल. पण ती उतरवली मंदीने. उलटा प्रयोग २००८नंतर झाला. ऑगस्ट २००८मध्ये अमेरिकेचा मूळ पैसा (नोटा-नाणी अधिक बँकांचा राखीव निधी) सुमारे ८५,००० कोटी डॉलर होता, २०१४मध्ये तो ४ लाख कोटींच्या आसपास गेला. जुन्या पटीच्या हिशेबाने भाव आभाळाला भिडायला हवे होते. महागाई २ टक्क्यांच्या आसपास रेंगाळत राहिली. राखीव निधीवर फेड व्याज देऊ लागल्यामुळे असं झालं, हे मुख्य प्रवाहाचं उत्तर मी वाचलं आहे. ते चूक नाही. पण ते दिल्यावर पटीचा सिद्धांत कशाला जवळ ठेवायचा?

कर्ज आधी हे मान्य केलं की पुढचं पाऊल अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हायमन मिन्स्कीचं. कर्जदार तीन प्रकारचे: मिळकतीतून मुद्दल आणि व्याज दोन्ही फेडणारे, फक्त व्याज फेडून मुद्दल पुढे ढकलणारे, आणि व्याजासाठीही नवं कर्ज काढणारे. मिन्स्कीचा चमकदार विचार असा की दीर्घ स्थैर्यच पहिल्या प्रकारातल्यांना तिसऱ्याकडे नेतं. बरीच वर्षं काही बुडालं नाही की बँकरही सैल होतो आणि कर्जदारही. मिन्स्की १९९६मध्ये गेला. २००८मध्ये वृत्तपत्रांनी त्याचं नाव घेतलं, त्याचा सिद्धांत फारसा कुणी घेतला नाही. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ विन गॉडलीचं तर त्याहून विशेष. हा मूळचा वादक, ओबो वाजवणारा, आणि कॉव्हेंट्री कॅथेड्रलवरच्या शिल्पकार एप्स्टाइनच्या सेंट मायकेलच्या पुतळ्याचं डोकं याच्यावरून घडवलेलं. १९९९मध्ये अमेरिकी सरकारचा अर्थसंकल्प शिलकीत होता आणि सगळे टाळ्या वाजवत होते. गॉडलीने साधी बेरीज केली. सरकार, खासगी क्षेत्र आणि बाकीचं जग या तिघांच्या शिलकांची बेरीज शून्यच येते. सरकार शिलकीत आणि परदेशही शिलकीत, म्हणजे खासगी क्षेत्र तुटीत, म्हणजे कुटुंबं आणि कंपन्या कर्जावर जगताहेत. हे चालू शकत नाही, असं त्याने लिहून ठेवलं. तारीख त्याने सांगितली नाही, आणि शहाण्याने सांगूही नये.

या परंपरेची दुबळी बाजू महागाईची, असं तिचे विरोधक म्हणतात. माझ्या मते तिथे सिद्धांत होता, राजकारण नव्हतं. मजुरी आणि नफा दोघांनी मिळून उत्पन्नाच्या शंभर टक्क्यांहून जास्त वाटा मागितला की भाव चढतात. १९७०च्या दशकासाठी हे स्पष्टीकरण उत्तम होतं आणि २०२१-२३मध्ये युरोपातल्या भाववाढीतला नफ्याचा वाटा खुद्द नाणेनिधीने मोजला तेव्हा तेच परत आलं. पण यावरचा उपाय म्हणजे मजुरी आणि नफ्याबाबत समझोता, आणि तो घडवून आणणारी शक्ती कुणाकडेच नव्हती. कालेत्स्कीने १९४३मध्येच लिहिलं होतं की कायमचा पूर्ण रोजगार उद्योगपतींना सोसणार नाही. त्यांचा नफा वाढेल हे खरं. पण कामावरून काढण्याच्या धमकीतली धार जाईल, आणि नफ्यापेक्षा कारखान्यातली शिस्त त्यांना मोलाची वाटते.

मजुरी वाढवली की मागणी वाढते, हेही सरसकट खरं नाही. १९९०मध्ये अमित भादुरी आणि स्टीफन मार्ग्लिन यांनी दाखवलं की मजुरीवाढीने उपभोग वाढतो पण नफ्याची आशा कमी होऊन गुंतवणूक घटू शकते. कुठला परिणाम भारी ठरेल हे त्या त्या देशावर अवलंबून. डाव्या घोषणांना ही दुरुस्ती आवडली नाही. आकडेवारीवरचा हा वाद आजही मिटलेला नाही, आणि उत्तर-केन्सवाद्यांनी आपली बुद्धी खर्च करावी ती इथे. पैशाच्या प्रश्नावर आता त्यांना काही सिद्ध करायचं उरलेलं नाही.

पाठ्यपुस्तकवाल्यांचा शेवटचा बचाव असतो की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे झेपणार नाही, म्हणून सोपं चित्र. पण सोपं कुठलं? ठेवींच्या पटीचा हिशेब शिकवायला भूमितीय श्रेणीची बेरीज लागते. कर्ज आणि ठेव यांच्या दोन नोंदी लिहायला तर शेजारच्या वर्गातला वाणिज्य शाखेचा विद्यार्थी पहिल्या काही आठवड्यांतच शिकतो.